कोंबड्यांची लस घरागणिक नव्हे, वाडीगणिक हवी

संपादक महोदय,

माघ सरत आला की वाड्या-वस्त्यांवरच्या कोंबड्यांना मर लागते. सकाळी खुराड्याचे दार उघडावे तर एखादी तलंग कोपऱ्यात पंख पाडून बसलेली, खाली हिरवट-पांढरी पातळ विष्ठा, चोचीतून लाळेची तार. दोन दिवसांत तिची मान एका बाजूला पिळवटते, ती जागच्या जागी गोल फिरते आणि उताणी पडते. आठवडाभरात घरातल्या दहांपैकी आठ-नऊ गेलेल्या असतात आणि तोवर शेजारच्या घरी सुरुवात झालेली असते. गावात याला मानमोडी म्हणतात, जनावरांच्या दवाखान्यात राणीखेत. अशा बातम्या आपल्या आणि इतरही वृत्तपत्रांत दरवर्षी येतात आणि शेवटी ‘पशुपालकांनी वेळेवर लसीकरण करून घ्यावे’ असे आवाहन असते. आवाहन बरोबरच आहे. पण जिच्याकडे आठच कोंबड्या आहेत तिने ते पाळायचे कसे, हे त्यात नसते. म्हणून हे पत्र.

अडचण लसीच्या बाटलीत आहे. मोठ्या कोंबड्यांना टोचायची आर-टू-बी ही लस शंभर किंवा दोनशे मात्रांच्या बाटलीत येते. मोठ्या पोल्ट्रींसाठी पाचशे आणि हजार मात्रांच्या बाटल्या असतात. आत असते ती जिवंत विषाणूची वाळवलेली वडी. तिच्यात निर्जंतुक सलाइन घातले की लस चालू होते आणि त्याच घडीला तिचे दिवस भरतात. विरघळवलेली लस दीड-दोन तासांत संपवावी लागते. उरलेली उद्याला ठेवता येत नाही, फ्रीजमध्येही नाही. आता आठ कोंबड्यांसाठी शंभर मात्रांची बाटली कोण फोडणार? दवाखान्यातही हीच अडचण. ‘पन्नास-शंभर कोंबड्या गोळा होत असतील तर कळवा’, असे तिथे सांगतात तेव्हा त्यात टाळाटाळ असतेच असे नाही. पण ते गोळा करायचे कोणी, हे ठरलेले नसते आणि मग लस फ्रीजमध्ये राहते, कोंबड्या खड्ड्यात जातात.

तीस घरांच्या वाडीत घरटी आठ-दहा धरल्या तर अडीचशे-तीनशे पक्षी होतात. म्हणजे बाटली घराच्या मापाची नसली तरी वाडीच्या मापाची आहे. आमचे सांगणे एवढेच आहे की कोंबड्यांची लस ही पाणीपट्टीसारखी किंवा बैलपोळ्यासारखी अख्ख्या वाडीची गोष्ट मानावी. तिचा दिवस ग्रामसभेत ठरावा, दवंडी पिटावी आणि त्या दिवशी एकही खुराडे सुटू नये.

मोठ्या कोंबड्यांसाठी वर्षातून दोन दिवस पुरतात. एक माघाच्या शेवटी, होळीच्या किमान दोन आठवडे आधी, कारण टोचल्यावर अंगात ताकद यायला तेवढा वेळ लागतो आणि चैत्र-वैशाखात जत्रांच्या निमित्ताने कोंबड्यांची ने-आण सुरू होते. दुसरा बरोबर सहा महिन्यांनी, श्रावणात. बहुतेक घरांत श्रावणात कोंबडी कापत नाहीत आणि फारशी विकतही नाहीत, त्यामुळे खुराडी भरलेली असतात आणि एका बाटलीत जास्तीत जास्त पक्षी येतात.

पिल्लांचे गणित मात्र वेगळे आहे, आणि बहुतेक चुका तिथेच होतात. परसात पिल्ले एकदम निघत नाहीत. या घरची खुडूक आज बसते, त्या घरची पंधरा दिवसांनी. पिल्लांना द्यायची लस लासोटा. ती टोचायची नसते. सातव्या दिवसाच्या आसपास एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत सोडतात आणि चौथ्या आठवड्यात पुन्हा एकदा देतात. टोचायची आर-टू-बी आठ आठवड्यांच्या आतल्या पिल्लांना द्यायची नाही. हा लसविषाणू थोडा जोरकस आहे. लहान पिल्लाला तो झेपत नाही, पाय लुळे पडतात आणि लसीनेच पिल्लू जाते. एका वाडीत असे चार घरी घडले की पुढची पाच वर्षे तिथे कोणी लस टोचू देत नाही. म्हणून पिल्लांसाठी महिन्यातला एक वार बांधून घ्यावा, उदाहरणार्थ पहिला रविवार, आणि त्या दिवशी वाडीत एक ते पाच आठवड्यांची जेवढी पिल्ले असतील त्या सगळ्यांच्या डोळ्यात थेंब पडावा. बाटली पूर्ण संपणार नाही, काही मात्रा फुकट जातील. जाऊ द्याव्यात. लासोटाच्या शंभर मात्रांची किंमत एका गावरान कोंबडीच्या किमतीहून कमी असते.

लसीच्या दिवसाचे बारकावे आता जरा सविस्तर सांगतो, कारण लस देऊनही कोंबड्या मेल्या असे जिथे ऐकू येते तिथे दहांत आठ वेळा या बारकाव्यांतच घोटाळा झालेला असतो.

लस दवाखान्यातून निघाल्यापासून टोचेपर्यंत २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहिली पाहिजे. खिशात, मोटारसायकलच्या डिकीत किंवा पदराच्या गाठीत आणलेली लस म्हणजे रंगीत पाणी. रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये बर्फ प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावा आणि बाटली कागदात गुंडाळून त्यावर ठेवावी. सलाइनही त्याच थर्मासमध्ये थंड करावे. वडी थंड आणि सलाइन उन्हात तापलेले असेल तर मिसळतानाच विषाणू मरतो. आदल्या दिवशी लस आणून कोणाच्या घरच्या फ्रीजमध्ये ठेवायची असेल तर दाराच्या कप्प्यात ठेवू नये, आणि रात्री वीज जाते अशा गावात फ्रीजच्या भरवशावर मुळीच राहू नये. बर्फाचा थर्मास बरा.

सिरिंज आणि सुया वीस मिनिटे पाण्यात उकळून पूर्ण गार होऊ द्याव्यात. इथे एक चूक अगदी जाणती माणसेही करतात. माणसाला इंजेक्शन देताना स्पिरिटचा बोळा फिरवतात, तसा ते सुईवर आणि कोंबडीच्या कातडीवर फिरवतात. स्पिरिट, डेटॉल, सॅव्हलॉन यांचा अंशही लागला तरी जिवंत लस मरते. सिरिंज साबणाने धुतली असेल तर साबणाचा बुळबुळीतपणाही राहता कामा नये.

काम पहाटे, कोंबड्या सोडण्याआधी उरकायचे. एकदा दार उघडले की गावरान कोंबडी हाती लागत नाही आणि धरण्याच्या धावपळीत बाटलीचे दोन तास निघून जातात. आर-टू-बीच्या शंभर मात्रांना ५० मिलि सलाइन घातले की प्रत्येक कोंबडीला अर्धा मिलि येतो. बाटली जोरजोरात हलवायची नाही. हळूच उलटी-सुलटी करावी, फेस येऊ देऊ नये. पंखाखालची किंवा मानेच्या मुळाशी मागच्या बाजूची कातडी चिमटीत उचलायची, सुई आडवी घालायची आणि कातडीखाली सोडायची. पिसांवर ओल दिसली तर सुई आरपार गेली असे समजून पुन्हा टोचावे. लासोटाच्या बाटलीबरोबर तिचे द्रावण आणि ड्रॉपर मिळाला असेल तर तेच पूर्ण वापरावे. साधा ड्रॉपर असेल तर एक मिलिमध्ये किती थेंब पडतात ते आधी साध्या पाण्याने मोजून घ्यावे. साधारण तीस पडत असतील तर शंभर मात्रांना सव्वातीन-साडेतीन मिलि एवढेच द्रावण हवे. जास्त पाणी घातले की थेंबात लस पातळ होते. थेंब पडल्यावर पिल्लू लगेच सोडू नये. त्याने डोळा मिटून उघडला आणि थेंब आत गेला की मग सोडावे. ड्रॉपरचे टोक डोळ्याला लागू देऊ नये.

कोंबड्या एका ओट्यावर गोळा करणे सोयीचे वाटते, पण ते करू नये. एकीला रोगाची लागण झालेली असली तर तो तिथेच सगळ्या वाडीला वाटला जातो. लस देणाऱ्याने घरोघर जावे, अंगणाच्या कडेला उभे राहावे, घरच्या बाईने एकेक कोंबडी आणून धरावी. प्रत्येक घरी सुई बदलावी. डझनभर सुयांचा खर्च तो किती! दुसऱ्या घरी जाण्याआधी हात आणि चपलांचे तळ साबणाच्या पाण्याने धुवावेत. ज्या घरी आधीच कोंबड्या आजारी आहेत तिथे त्या दिवशी जायचेच नाही. लस ही औषध नव्हे. रोग अंगात शिरल्यावर टोचली तर कोंबडी वाचत नाही, मात्र आपल्या पायांनी आणि सुईने तो पुढच्या घरी जातो.

टोचल्यावर दोन-तीन दिवस कोंबड्या थोड्या मलूल होतात, अंडी देणाऱ्यांची अंडी आठवडाभर कमी होतात. लासोटानंतर पिल्ले शिंकतात. हे आधीच सांगून ठेवले नाही तर ‘लसीनेच रोग आणला’ अशी बोलवा होते आणि पुढच्या खेपेला लोक कोंबड्या माळ्यावर लपवतात. आठवडाभर आधी जंतांचे औषध दिले असेल तर लस चांगली लागू पडते. पोटात जंत घेऊन फिरणाऱ्या मरगळलेल्या कोंबडीच्या अंगी ती तितकी लागत नाही. उरलेली लस आणि रिकाम्या बाटल्या ओढ्यात किंवा उकिरड्यावर फेकू नयेत. त्यात जिवंत विषाणू आहे. उकळून मग पुराव्यात.

मानमोडीखेरीज कोंबड्यांना देवी, म्हणजे फोडांचा रोगही होतो. देवीची लस सहा-आठ आठवड्यांच्या पिल्लांना पंखाच्या पातळ पडद्यात दोन टोकांच्या सुईने टोचतात. आठवड्या-दीड आठवड्याने टोचल्या जागी खपली दिसली तर लस लागली. नाही दिसली तर पुन्हा द्यावी. एवढी सोपी खूण राणीखेतच्या लसीला नाही. देवी डासांमुळे पसरते, म्हणून खुराड्याजवळ सांडपाणी साचू देऊ नये. पिल्लाच्या पापण्या फोडांनी चिकटल्या की त्याला दाणा दिसत नाही आणि ते रोगाऐवजी भुकेने मरते. दोन-चार दिवस भिजवलेला चारा हाताने भरवला तर बरीच पिल्ले वाचतात.

आणि प्रत्येक मर ही मानमोडी नसते. तीन ते सहा आठवड्यांची पिल्ले रक्ताची विष्ठा टाकत असतील, तर ती ओल्या गादीतून, म्हणजे खुराड्यात अंथरलेल्या भुशातून, येणारी रक्ती हगवण आहे. तिच्यावर औषध आहे आणि मुख्य उपाय खुराडे कोरडे करणे हा आहे. मानमोडीवर मात्र औषधच नाही. मेडिकलमधून आणलेली प्रतिजैविकाची कॅप्सूल फोडून पाण्यात घालणे, लसूण-हळद भरवणे, रॉकेल पाजणे यात चार दिवस जातात, आणि ते चार दिवसच रोगाला वाडी फिरायला पुरतात. थोडे विषयांतर होईल, पण या रोगाचे आणि लसीचे दोन्ही गोत्र एकाच डोंगरातले आहे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस कुमाऊंतल्या राणीखेतला हा रोग आपल्याकडे पहिल्यांदा ओळखला गेला, आणि जवळच्याच मुक्तेश्वरच्या पशुवैद्यकीय संशोधन संस्थेत १९४० च्या दशकात आर-टू-बी लस तयार झाली. इतक्या वर्षांची, इतकी स्वस्त लस हाताशी असून परसातल्या कोंबड्या त्याच रोगाने मरतात, याची खंत वाटते.

लसीबरोबर दुसरी गोष्ट येते, ती म्हणजे रोग येतो कुठून याची. तो वाऱ्यावर फारसा येत नाही. तो पायांनी, डालग्यांनी आणि पैशांच्या निकडीने येतो. सर्वांत मोठी वाट आठवडे बाजाराची. घरात दोन कोंबड्या मेल्या की उरलेल्या सहा मरण्याआधी अर्ध्या किमतीत व्यापाऱ्याला देऊन मोकळे व्हावे, असे वाटणे अगदी साहजिक आहे. त्या सहा कोंबड्या म्हणजे त्या बाईचा हातचा पैसा, वह्या-पुस्तकांचा किंवा औषधपाण्याचा. तिला दोष देता येत नाही. पण वरून धडधाकट दिसणाऱ्या त्या सहांत चार तरी रोग अंगात घेऊन जातात, कारण लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत बहुधा पाच-सहा दिवस लोटतात आणि तेवढ्यात कोंबडी विष्ठेतून, शिंकेतून विषाणू टाकू लागलेली असते. व्यापाऱ्याच्या मोटारसायकलला टांगलेल्या एकाच डालग्यात पाच गावांच्या कोंबड्या असतात. आखाडात गटारीच्या आधीच्या पंधरवड्यात हे डालगे दिवसाला दहा वाड्या फिरते. व्यापाऱ्याला अंगणात येऊ न देता कोंबडी रस्त्यावर नेऊन द्यावी, आणि बाजारात नेलेली कोंबडी भाव जमला नाही म्हणून परत आणली तर तिला नवी कोंबडी समजावे.

नवी कोंबडी म्हणजे काय, हेही इथेच सांगतो. विकत घेतलेली, लेकीच्या सासरहून आलेली, अर्धलीने पाळायला दिलेली, टेम्पोतून भोंगा वाजवत येणाऱ्याकडून घेतलेली रंगीत पिल्ले, या सगळ्यांना तीन आठवडे वेगळ्या डालग्याखाली, घराच्या दुसऱ्या बाजूला, निदान वीस-पंचवीस फुटांवर ठेवावे. त्यांचे पाण्याचे भांडे वेगळे. आधी जुन्या कोंबड्यांना दाणा-पाणी करावे, मग नव्यांना. उलट क्रमाने कधीच नाही. पिल्लेवाल्याला ‘कोणत्या तारखेला कोणती लस दिली’ असे विचारावे. उत्तर फिरवाफिरवीचे असेल तर पिल्ले घेऊ नयेत, घेतलीच तर पहिल्या रविवारच्या थेंबात धरावीत.

आणखी एक वाट आहे तिच्याकडे कोणाचेच लक्ष नसते. भाजीपाला आणि उसासाठी शेतकरी पोल्ट्रीवाल्याकडून कोंबडीखत ट्रॉलीने आणतात आणि बांधावर ढीग मारून ठेवतात. त्यात दाणे आणि किडे असतात, त्यामुळे वाडीतल्या कोंबड्या दिवसभर तिथेच उकरत असतात. त्या पोल्ट्रीत मर झाली असेल तर तिचा विषाणू असा थेट परसात येतो. हे खत आणल्या दिवशीच पाणी मारून, प्लॅस्टिकने झाकून, कडेने माती लावून महिनाभर कुजू द्यावे. आत ऊब धरली की रोग मरतो. चिकनच्या दुकानातली आतडी-पिसे कुत्री वाडीत ओढून आणतात, तेही असेच. दुकानदाराने ती रोज पुरावीत, ही मागणी ग्रामपंचायत करू शकते.

मेलेली कोंबडी उकिरड्यावर किंवा ओढ्यात टाकणे हा रोग पसरवण्याचा हमखास मार्ग. निदान तीन फूट खोल खड्डा, विहिरीपासून आणि ओढ्यापासून लांब. तळाला चुना, वर कोंबडी, वर पुन्हा चुना, मग माती, आणि कुत्र्यांनी उकरू नये म्हणून बोरी-बाभळीचे काटे आणि दगड. हाताला प्लॅस्टिकची पिशवी घालावी, तोंडावर पदर दुहेरी बांधावा, नंतर साबणाने हात धुवावेत. शेवटच्या घटका मोजणारी कोंबडी कापून खाण्याची चाल मोडलीच पाहिजे. रस्सा उकळला की विषाणू मरतो हे खरे, पण धोका ताटात नसतो; तो कापताना, पिसे उपटताना, आतडी काढताना बाईच्या हाताला आणि श्वासाला असतो.

इथे बर्ड फ्लूची गोष्ट येते. देशात एच५एन१ हा बर्ड फ्लूचा विषाणू पहिल्यांदा सापडला तो फेब्रुवारी २००६ मध्ये, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात शेकडो कोंबड्या मेल्या, तोही हाच रोग निघाला. अंगणात उभे राहून मानमोडी की बर्ड फ्लू हे कोणालाच सांगता येत नाही, पशुवैद्यकालाही नाही. तुरा निळा-काळा पडणे, डोके सुजणे, पायांवर रक्ताचे डाग, कुठलेही लक्षण न दाखवता एका रात्रीत अनेक कोंबड्या मरणे, आसपास कावळे मरून पडणे, या खुणा दिसल्या तर बर्ड फ्लूचा संशय जास्त. पण खात्री होते ती प्रयोगशाळेतच. नमुने पुण्याच्या औंधमधल्या रोग अन्वेषण विभागाकडे आणि तिथून भोपाळच्या राष्ट्रीय पशुरोग संस्थेकडे जातात. मेलेली कोंबडी घरी फाडून बघू नये. दुहेरी पिशवीत बांधून सावलीत ठेवावी आणि दवाखान्याला कळवावे. पशुवैद्यकीय सेवेच्या १९६२ या फोन क्रमांकावरही कळवता येते. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांविषयीच्या २००९ च्या केंद्रीय कायद्याने असे कळवणे मालकावर बंधनकारक आहे, आणि राणीखेत व बर्ड फ्लू दोन्ही त्या कायद्याच्या यादीत आहेत.

लोक कळवायला घाबरतात, कारण कळवले की सगळ्याच कोंबड्या मारतील अशी भीती असते. बर्ड फ्लू ठरला तर एक किलोमीटरच्या टापूतल्या कोंबड्या मारतात आणि दहा किलोमीटरपर्यंत पाळत ठेवतात, हे खरे आहे. पण एक बाब फार कमी घरांना माहीत असते. नुकसानभरपाई मिळते ती सरकारी पथकाने मारलेल्या कोंबड्यांची आणि नष्ट केलेल्या अंड्यांची-खाद्याची. आपोआप मेलेल्यांची मिळत नाही. म्हणजे दोन मेल्यावर कळवले तर उरलेल्या आठांचे पैसे, आणि आठ मेल्यावर कळवले तर दोघींचे. लपवण्यात रोगाचा धोका तर आहेच, पैशाचेही नुकसान आहे. हे गणित अंगणवाडीच्या भिंतीवर लिहून ठेवण्यासारखे आहे. बदके आणि कोंबड्या एकत्र ठेवू नयेत, हेही याच भिंतीवर लिहावे. बदक वरून ठणठणीत राहून हा विषाणू बाळगू शकते. तळ्यावर रानपक्षी उतरतात तिथे कोंबड्यांना पाण्याला सोडू नये.

मर होऊन गेल्यावर लगेच नव्या कोंबड्या आणणे ही शेवटची चूक. विषाणू विष्ठेत, गारव्यात महिनाभरही टिकतो. उन्हात आणि कोरड्यात लवकर मरतो. आधी गादी, विष्ठा खरवडून पुरावी. मग साबणाने किंवा धुण्याच्या सोड्याने (लिटरभर गरम पाण्याला ४० ग्रॅम) खुराडे घासून धुवावे आणि वाळू द्यावे. त्यानंतर ब्लीचिंग पावडरचे पाणी, लिटरला ३० ग्रॅम, आणि शेवटी भिंतींना व जमिनीला चुना. घाणीवर कितीही फिनाइल ओतले तरी उपयोग होत नाही. घाण विषाणूला झाकून ठेवते. त्यानंतर तीन आठवडे खुराडे दार उघडे टाकून रिकामे ठेवावे. मग एकदम दहा आणण्याऐवजी लस दिलेल्या दोन तलंगा आणाव्यात; त्या पंधरा दिवस ठीक राहिल्या तर बाकीच्या आणाव्यात. नवे खुराडे बांधणार असाल तर ते जमिनीपासून दीड-दोन फूट उंच, तळ फटींच्या पट्ट्यांचा, म्हणजे विष्ठा खाली पडेल आणि कोंबड्या रात्रभर तिच्यावर बसणार नाहीत. रात्रीपुरते एका कोंबडीला एक चौरस फूट पुरते.

२०१९ च्या पशुगणनेत देशात परसातल्या कोंबड्या ३१ कोटी ७० लाखांच्या घरात होत्या, २०१२ पेक्षा जवळजवळ ४६ टक्क्यांनी जास्त. शासन गिरिराज, वनराज, कडकनाथ या जातींच्या कोंबड्यांचे गट वाटते, बचत गटांना कर्ज मिळते. पण पिल्ले वाटताना दिली जाणारी लस ही पहिली आणि अनेकदा शेवटची ठरते. वाटपाच्या प्रत्येक योजनेत पुढच्या दोन वर्षांच्या लसीची तरतूद आणि वाडीतल्या एका बाईचे तीन दिवसांचे प्रशिक्षण, तिचा थर्मास, सिरिंज आणि थोडे मानधन धरले पाहिजे. कोंबडीमागे दोन रुपये द्यायला वाड्या तयार होतात. मागच्या वर्षी ज्यांच्या कोंबड्या वाचल्या ती घरे तर पाचही देतात. थंडाव्याशिवायही काही दिवस टिकणारी राणीखेतची लस जगात काही देशांत परसातल्या कोंबड्यांसाठी वापरली जाते. आपल्याकडच्या दुर्गम डोंगरी तालुक्यांना ती आणि पन्नास मात्रांची बाटली दोन्ही मिळावीत, अशी आमची पशुसंवर्धन खात्याकडे मागणी आहे.

आपल्याकडेही एक मागणे आहे. आपल्या दैनिकाच्या तालुका पानावर रोज बाजारभाव छापून येतात आणि ते पान गावात शेवटच्या माणसापर्यंत वाचले जाते. त्याच चौकटीत महिन्यातून एकदा, पहिल्या रविवारच्या आदल्या शुक्रवारी, कोणत्या गावात कोणत्या दिवशी कोंबड्यांची लस आहे आणि दवाखान्यात कोणती लस उपलब्ध आहे, एवढ्या चार ओळी छापाव्यात. तारखा गोळा करून देण्याचे काम आम्ही करू.

आपले,
गावोगाव कोंबड्यांचे लसीकरण करणारे काही कार्यकर्ते,
तालुका अकोले